निरोप आणि पोंच

अंधेरी स्थानकाबाहेर भाजी घेणारा गृहस्थ मोबाईल उचलून पैसे देतो आणि दुसऱ्याच क्षणीं विक्रेत्याची पेटी ते मिळाल्याची वर्दी मोठ्यानें देते. मधल्या अवधींत कित्येक संगणक एकमेकांस निरोप धाडीत असतात. हे निरोप कोणत्या पद्धतीनें लिहावे, ह्यावर ह्या शतकाच्या प्रारंभीं जाणत्यांत दोन पक्ष होते.

पहिला पक्ष ‘सोप’चा. त्यांत निरोप एक्सएमएलच्या लखोट्यांत घालावयाचा व काय करावयाचें तें क्रियापदानें सांगावयाचें. दुसरा ‘रेस्ट’चा, त्याची मांडणी रॉय फील्डिंग ह्यांनीं इ. स. २००० मध्यें आपल्या प्रबंधांत केली. येथें भर नामावर. प्रत्येक वस्तूस स्वतंत्र पत्ता. क्रिया मात्र पाहणें, घालणें, बदलणें, पुसणें अशा मोजक्याच. शिवाय प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी, मागील संभाषण सर्व्हरनें स्मरूं नये.

संकेतस्थळांचा तयार सांगाडा पुरविणाऱ्या ‘रेल्स’नें डिसेंबर २००७ मध्यें ‘सोप’चा विभाग आपल्या गाभ्यांतून काढून टाकिला. ‘स्प्रिंग’नें २००९ मध्यें ‘रेस्ट’ला थारा दिला, पण ‘सोप’साठीं निराळी शाखाही राखली. बँकांचा पसारा सांभाळणाऱ्यांस ही दुसरी रीत अधिक रुचावी, ह्यांत नवल नाहीं.

कारण पाहण्याची विनंती दोनदां गेली तरी कांहीं बिघडत नाहीं. पैसे वळते करण्याची दोनदां गेली तर एकाच भाजीचे दाम दोनदां कापले जातात! आणि उत्तर वाटेंत हरवलें, तर विचारणारा पुन्हां विचारणारच.

वांद्रे-कुर्ला संकुलांतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें उभारलेल्या ‘यूपीआय’चा आरंभ एप्रिल २०१६ मध्यें मुंबईंत रघुराम राजन ह्यांच्या हस्तें झाला. तिच्या रचनाकारांनीं कोणत्याही पक्षाची दीक्षा पुरतेपणीं घेतली नाहीं. विनंती स्वयंपूर्ण, वेबच्याच सुरक्षित वाटेनें जाणारी. ही ‘रेस्ट’ची शिकवण. परंतु मजकूर एक्सएमएलचा, सांकेतिक सहीनिशीं. आणि विनंतीचें नांव क्रियेवरून, ‘रिक्वेस्ट-पे’. तिला तत्काळ मिळते ती केवळ पोंच. खरा निकाल मागाहून निराळ्या निरोपानें येतो. पूर्वीं मनिऑर्डरीची सहीची पावती अशीच मागाहून येत असे.

प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक असतो. निकाल आलाच नाहीं, तर पैसे पुन्हां न मागतां त्याच क्रमांकाचें काय झालें, एवढेंच विचारण्यासाठीं वेगळी विनंती आहे. तिचें उत्तर येईपर्यंत विक्रेता तराजू खालीं ठेवून पेटीकडे पाहत राहतो.