जलवाहिनीचे द्रव्य : सूक्ष्मप्लास्टिकाच्या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

पाणीपुरवठ्याच्या इतिहासात धरणे, तलाव व कालवे ह्यांचा जितका विचार झाला आहे, तितका नळ ज्या द्रव्याचे बनतात त्या द्रव्याचा झालेला नाही. नळ हे पाणी वाहून नेणारे तटस्थ साधन होय, अशी समजूत ह्या उपेक्षेच्या मुळाशी दिसते. वस्तुतः नळाच्या द्रव्याचा काही अंश पाण्यात उतरत असतो. आणि तो अपायकारक आहे की निरुपद्रवी, ह्याचा निर्णय होण्यास दीर्घ काळ लागतो. पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्मप्लास्टिकाचा प्रश्न ह्या अनुभवाच्या प्रकाशात तपासणे इष्ट आहे.

ह्यातील पहिला अनुभव शिशाचा. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस ह्याने शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या निस्तेज वर्णाकडे बोट दाखवून, पाण्यासाठी मातीचे नळ श्रेयस्कर ठरविले होते. तथापि शिसे मऊ, वाकविण्यास सुलभ व टिकाऊ असल्यामुळे ते प्रचारात राहिले. ग्लासगो शहराला १८५९ मध्ये लॉक कॅट्रिन सरोवराचे निर्मळ पाणी मिळू लागले, आणि १८६६ च्या पटकीच्या साथीत तेथील प्राणहानी पूर्वीच्या साथींहून पुष्कळच कमी झाली. परंतु हेच मृदू पाणी घरोघरच्या नळांतील व टाक्यांतील शिसे विरघळवीत होते. त्यावर उपाय म्हणून पाण्यात चुना मिसळण्यास आरंभ झाला तो १९७० नंतरच्या दशकात. उपकार तत्काळ दिसला. अपकार ओळखण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळांचा इतिहास ह्याच्या उलट आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. म्हणून पाण्यातील तंतूंविषयीही भीती उत्पन्न झाली. परंतु पोटात गेलेल्या तंतूंपासून अपाय होतो, असा सुसंगत पुरावा नाही, असा अभिप्राय जागतिक आरोग्य संघटनेने दिला.

प्लास्टिकचा नळ आला तो ह्या पूर्वसूरींच्या दोषांवरील उपाय म्हणून. लोखंड गंजते व गंजाच्या थरांनी नळाचा मार्ग आकुंचित होतो; प्लास्टिक गंजत नाही, हलके असते व स्वस्त पडते. जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात पॉलिव्हिनिल क्लोराइडचे नळ वापरात आले. पॉलिथिलीनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली लागला. मात्र पॉलिव्हिनिल क्लोराइडला उष्णतेत स्थिर ठेवण्यासाठी अनेक देशांत शिशाचीच संयुगे मिसळली जात. भारतात त्यांच्यावर निर्बंध घालणारे नियम २०२१ मध्ये झाले. जे शिसे टाकून द्यावयाचे, ते अशा रीतीने नव्या नळाच्या अंगातच शिरलेले होते.

‘सूक्ष्मप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ झाली ती रिचर्ड थॉम्पसन व त्यांचे सहकारी ह्यांच्या २००४ मधील सागरी संशोधनाने. पिण्याच्या पाण्याविषयीची दोन संशोधने येथे विशेष विचारार्ह आहेत. चेक प्रजासत्ताकातील तीन जलशुद्धीकरण केंद्रांच्या शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सरासरी ३३८ ते ६२८ कण आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वायव्य जर्मनीतील भूजलावर आधारलेल्या पुरवठ्यात, विहिरीपासून घरच्या नळापर्यंत नमुने घेऊन, दर घनमीटरला, म्हणजे १,००० लिटरला, सरासरी ०.७ कण आढळल्याचे २०१९ मध्ये नमूद झाले. हे अंतर पाच लाख पटींच्या घरात जाते! परंतु चेक संशोधकांनी १ मायक्रोमीटरपर्यंतचे कण मोजले, तर जर्मन पद्धतीची खालची मर्यादा २० मायक्रोमीटर होती. शिवाय पहिल्या ठिकाणी पृष्ठभागावरील पाणी होते, दुसऱ्या ठिकाणी भूजल. चेक आकडे केंद्रातील पाण्याचे असल्याने शहरातील नळांविषयी ते काहीच सांगत नाहीत. जर्मन संशोधकांनी मात्र शुद्धीकरण व वहन ह्यांतील प्लास्टिक भागांची झीज हा कणांचा संभाव्य उगम मानला. साधनचिकित्सा केल्यावाचून आकडे शेजारी मांडणे किती भ्रामक ठरते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

उपलब्ध मर्यादित पुराव्यावरून चिंतेचे कारण दिसत नाही, परंतु अधिक संशोधन हवे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये म्हटले. युरोपीय संघाने मापनाची समान पद्धती २०२४ मध्ये ठरविली. तेव्हा सूक्ष्मप्लास्टिक शिशाच्या वाटेने जाईल की अ‍ॅस्बेस्टॉसच्या, हे आज इतिहासाच्या आधारे सांगता येणार नाही. साधर्म्य म्हणजे पुरावा नव्हे. दूषित पाण्यातील रोगजंतूंचा धोका मात्र निश्चित आहे, आणि तो टाळणाऱ्या नळाचे मोल कमी लेखता येत नाही.

इतिहासाचा खरा बोध निराळा आहे. अमेरिकेतील जलसंस्थांना शिशाच्या जोडनळांची सूची ऑक्टोबर २०२४ पर्यंत तयार करावी लागली. कारण कोणत्या रस्त्याखाली काय पुरले आहे, ह्याची नोंद अनेक ठिकाणी उरलेली नव्हती. जलजीवन मोहिमेमुळे २०१९ पासून भारतातील, आणि त्यात महाराष्ट्रातीलही, असंख्य गावांत प्लास्टिकचे नळ पुरले गेले आहेत. त्यांचे द्रव्य, वर्ष व स्थान ह्यांची दप्तरे जतन झाली, तरच पुढील पिढीला ह्या प्रश्नाचा निर्णय पुराव्याने करता येईल.