रेखाटनवही : एक उपेक्षित इतिहाससाधन

इतिहाससाधनांची मोजदाद करतांना आपण दफ्तरें, बखरी, शिलालेख, ताम्रपट, नाणीं यांचीं नांवें घेतों. चित्रांचा उल्लेख झालाच तर तो शेवटीं, आणि तोहि सरदारांच्या तसबिरींपुरता. ज्या वहींत चित्रकार रोज कांहीं ना कांहीं रेखाटून ठेवितो, त्या वहीला तर साधन म्हणून कोणी पुसत नाहीं. तींत पुरें चित्र नाहीं म्हणून रसिक तिला सोडतात, तींत लेख नाहीं म्हणून संशोधक तिला सोडतात, आणि अखेर ती पानें सुटीं करून विकणाराच्या हातीं पडते. वस्तुतः दिनांक घातलेली रेखाटनवही ही चित्रांची रोजनिशीच होय. रोजनिशीस जें प्रामाण्य आपण देतों तें हिलाहि दिलें पाहिजे, असें आमचें मत आहे. तें एका पुणेरी उदाहरणावरून आणि आमच्या स्वतःच्या एका चुकीवरून मांडण्याचें येथें योजिलें आहे.

(१) गंगाराम तांबटाचा गेंडा

सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील इ. स. १७८६ पासून १७९७ पर्यंत पुणें दरबारीं होता. त्याच्यासाठीं चित्रें काढणारा गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा येथलाच माणूस. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटलंडांतील चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला व पुढील वर्षीं पुण्यास आला. त्यानें सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांच्या तसबिरी काढल्या. मॅलेटच्या खटपटीनें व श्रीमंतांच्या आश्रयानें शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली, तिच्यावर या वेल्सची देखरेख होती. यावरून असें अनुमान सहज निघतें कीं, गंगाराम हा सर्वस्वीं वेल्सचा शिष्य आणि समोरची वस्तु पाहून हुबेहूब काढण्याची रीत पुण्यास वेल्सनेंच आणिली.

या अनुमानास गंगारामाचें एकच रेखाटन पुरून उरतें. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें हें चित्र नोव्हेंबर १७९० मधील आहे. म्हणजे वेल्सनें मुंबईच्या बंदरावर पाय ठेवण्यापूर्वींच आमचा हा तांबट जनावरासमोर बसून त्याच्या कातडीच्या वळ्या न्याहाळीत होता. वेल्सच्या सहवासांत तो कांहींच शिकला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. मॅलेटजवळचीं विलायती चित्रें त्यानें पाहिलीं नसतील असेंहि नाहीं. परंतु "वेल्सनें शिकविलें" या वाक्यास मर्यादा पडते, आणि ती पडते कोणा टीकाकाराच्या तर्कानें नव्हे, तर चित्रासोबत राहिलेल्या महिन्यानें आणि सालानें. तो दिनांक हरवता तर आज आपण हेंच चित्र वेल्सच्या शाळेचें फळ म्हणून खुशाल छापलें असतें.

पुढें १७९२ त त्यानें पुण्याच्या तालमींतील मल्ल रेखाटले, १७९५ त पर्वतीचा देखावा काढला, वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें केलीं. मॅलेटनें वेरूळवर लिहिलेला निबंध कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या भागांत १७९९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यास या चित्रांचा आधार होता. १८०३ सालीं टॉमस डॅनिअल यानें लंडनांत वेरूळचीं चोवीस दृश्यें छापलीं, त्यांच्या मुखपृष्ठावर मात्र वेल्सचें नांव आहे. तोंवर वेल्सहि उरला नव्हता. शके १७१७ च्या आश्विनांत सवाई माधवराव वारले, आणि त्याच सालाच्या अखेरीस साष्टींतील लेण्यांचें काम करीत असतां वेल्स ज्वरानें गेला. गंगारामाचीं अनेक चित्रें आणि वेल्सच्या रोजनिश्या व रेखाटनें आज अमेरिकेंत न्यू हेवन येथें, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहेत. तीं पुण्यांत नाहींत याचा खेद कोणास होणार नाहीं? तथापि तीं एकत्र आणि सालवार राहिलीं, म्हणूनच वरील शंका आपणांस घेतां आली.

(२) कागद, रंग आणि लेखणी यांची साक्ष

दिनांक नसेल तेथें साधनें बोलतात. मात्र त्यांची भाषा शिकावी लागते, आणि ती पुस्तकांपेक्षां हातानें लवकर येते. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत चित्रविद्येचें प्रकरण आहे. काजळ आणि भाताचें शीत एकत्र मळून केलेली रेखाटनाची वर्तिका, वासराच्या कानांतील केसांची तूलिका, शंखाचा पांढरा, हरताळाचा पिवळा, गेरूचा तांबडा, काजळाचा काळा, अशी सामग्री तेथें सांगितली आहे. पाठशाळेंत हें प्रकरण आम्हीं शब्दकोश उघडून वाचलें होतें. त्याचा अर्थ लागला तो पुष्कळ वर्षांनीं, भाताचें शीत खलांत घोटतांना. शीत अधिक झालें तर वर्तिका कागदावर घसरते, कमी झालें तर बोटांतच भुगा होतो.

पोथ्यांच्या संग्राहकांस हरताळाची ओळख निराळी सांगावयास नको. चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं लेखक त्यावर हरताळ लावीत, त्यावरूनच आपल्या भाषेंतील "हरताळ फासणें" हा प्रयोग आला. मात्र हरताळ म्हणजे सोमलाच्याच जातीचें विष. कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरण्याची संवय ज्यांस असेल त्यांनीं या रंगापासून दूर राहावें.

कागद उजेडाकडे धरून पाहणें हा पहिला धडा. देशी हातकागद गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलीत, म्हणून त्यांत काड्यांचे माग दिसतात. खळ देऊन व गुळगुळीत दगडानें घोटून त्याचा पृष्ठभाग लेखणीस योग्य करीत. विलायती जुन्या कागदांत तारांच्या समांतर रेघा दिसतात. जेम्स व्हॉटमन यानें विणलेल्या जाळीवर उचललेला, रेघाविरहित कागद १७५७ च्या सुमारास काढला, आणि पुढें जलरंगवाल्यांनीं तोच पसंत केला. १७९४ च्या इंग्रजी कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या कागदावरील जकातीची सूट मिळण्यास जलचिन्हांत साल असणें अवश्य झालें, त्यामुळें तेव्हांपासून कारखानदाराच्या नांवाखालीं सालाचा आंकडा वारंवार आढळतो. हा आंकडा चित्राचें साल नव्हे. कागद पेटींत वर्षानुवर्षें पडून राहूं शकतो. परंतु चित्र त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं, एवढा पूर्वावधि तो पक्का देतो.

रंगांचेंहि असेंच. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनीं जलरंगांच्या वड्या काढल्या, त्याबद्दल त्यांस तेथील कलासंस्थेनें १७८१ सालीं रौप्य पारितोषिक दिलें. या वड्या दगडासारख्या कठीण असत, त्या बशींत पाणी घालून चंदनासारख्या उगाळाव्या लागत. विन्सर आणि न्यूटन यांनीं १८३५ त ओलसर वड्या आणिल्या, आणि १८४१ त जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें कथलाची नळी काढली. शिसपेन्सिलींत शिसें नसतेंच. इंग्लंडांतील बॉरोडेलच्या खाणींतील शुद्ध खनिज कापून पूर्वीं ती करीत. तें खनिज आणि चिकणमाती मिसळून भाजण्याची युक्ति फ्रान्सांत कोंतें यानें १७९५ त काढली, व कठीण-मऊ असे ठरीव प्रकार तेव्हांपासून शक्य झाले.

(३) आमची चूक

ही सर्व माहिती असूनहि आम्ही फसलों, तें सांगणें कर्तव्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेही संग्राहकांनीं आम्हांस एक सुटें पान दाखविलें. नदीचा घाट, दोन देवळें, पायरीवर बसलेला गोसावी. मागें मोडींत एक ओळ होती, तींत सवाई माधवरावांचें नांव होतें. मोडीचें वळण आम्हांस जुनें वाटलें, चित्र मनास भावलें, आणि आम्हीं तें अठराव्या शतकाच्या अखेरचें असल्याबद्दल लेखी अभिप्राय दिला. स्नेह्यांनीं तें कांचेंत बसविलें. पुढें वाळवीमुळें चौकट काढावी लागली, तेव्हां आम्ही तेथेंच होतों. पान खिडकीकडे धरतांच जलचिन्हांत आंकडा दिसला : १८३१. पेशवाई जाऊन तेरा वर्षें झाल्यानंतरचा तो कागद. मोडी ओळ कोणीतरी मागाहून, कदाचित् सद्भावानेंच, लिहिली असावी.

स्नेही कांहीं बोलले नाहींत. आम्हींच अभिप्राय परत मागून घेतला आणि दुसरा लिहून दिला. परंतु आम्हांस अधिक लागलें तें निराळेंच. पानाच्या डाव्या कडेस शिवणीचीं तीन भोकें होतीं. तें वहींतून काढलेलें पान होतें. त्याच्या मागचें-पुढचें पान असतें तर घाट कोणता, गोसावी कोण, चित्रकार कोठून कोठें चालला होता, हें सर्व कदाचित् दोन मिनिटांत कळतें. वही फोडणारानें दहा पानांचे दहा दाम केले, आणि एका प्रवासाचा इतिहास कायमचा बुडविला. आंतील एखादा बंद काढून पोथी अपुरी करणारास आपण नांवें ठेवतों. मग रेखाटनवहीच्या बाबतींत आपली नजर इतकी उदार कां?

(४) स्वतःची वही

आम्ही चित्रकार नव्हों. शाळेंत नोकरीस लागल्यावर सुटीच्या दिवशीं देवळें, वीरगळ, शिलालेख पाहण्यास निघूं लागलों, तेव्हांपासून वही बरोबर आहे. अशा एकतीस वह्या भरल्या. हातीं छायाचित्रयंत्र असतां हा खटाटोप कशास, असें विचारतात. याचें उत्तर एका वीरगळानें दिलें. तीन टप्प्यांचा नेहमींचा दगड. खालीं युद्ध, मध्यें वीरास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. पाहतांना वीराच्या हातीं तलवार आहे असें आम्ही धरून चाललों होतों. रेखाटूं लागल्यावर मनगट जुळेना, पुन्हां पाहिलें, तों धनुष्य निघालें. डोळा जें गृहीत धरतो तें हात सिद्ध करावयास लावितो.

पुढें त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि वीरगळास तैलरंगाचे जाड थर बसले. आतां तेथें धनुष्यहि दिसत नाहीं आणि तलवारहि दिसत नाहीं. आमच्या वहींतील पान त्यामुळें महत्त्वाचें ठरलें, कारण त्यावर गांव, तिथि व मापें होतीं. उलट पहिल्या चार वह्यांत आम्हीं दिनांक घातले नाहींत. त्यांत एका शिलालेखाच्या ओळींची मांडणी आहे. तो दगड पुढें दुसऱ्या भिंतींत बसवितांना खालची ओळ गेली. आमचें रेखाटन त्यापूर्वींचें कीं नंतरचें, हें आतां आम्हांसहि शपथेवर सांगतां येत नाहीं. आळसाचें हें फळ.

जुन्या साधनांचा लोभ मात्र अद्याप सुटलेला नाहीं, आणि सुटावा असेंहि वाटत नाहीं. जुन्या बाजारांत मिळालेली एक पत्र्याची रंगपेटी आमच्याजवळ आहे. मुलामा उडालेला, झांकणाच्या आंत कोणा अज्ञात हातानें रंग ताडून पाहिल्याचे डाग, आणि बारा खणांपैकीं सात वड्या शिल्लक. सकाळीं पाण्याचा थेंब टाकून त्यांतील गेरवी वडी उगाळली म्हणजे ती आजहि रंग सोडते. हा निव्वळ शौक नव्हे. जुना रंग कागदांत कसा मुरतो, बोरूची रेघ कोठें फुटते, घोटलेला कागद पाणी कसें झुगारतो, हें ज्यानें केलें आहे त्यास दुसऱ्याच्या जुन्या पानावर तेंच ओळखतां येतें. त्या पेटींतील रंगांनीं काढलेल्या पानावर आम्ही तसें लिहूनहि ठेवितों, नाहींतर उद्यां आमच्यासारखाच कोणी अभिप्रायकार आमचें पान शंभर वर्षें मागें नेईल.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. शिवण उसवूं नये, सुट्या पानाची भोकें तपासावीं, प्रत्येक पान कांचेंत जाण्यापूर्वीं उजेडाकडे धरावें, आणि जलचिन्ह टिपून ठेवावें. रेखाटणाऱ्यांनीं स्थळ, दिवस आणि साधन या तीन गोष्टी पानाच्या कोपऱ्यांत लिहाव्या. गेंड्याच्या एका चित्रानें दोन शतकांनंतर गंगाराम तांबटाची बाजू मांडली. तशी बाजू मांडण्याची पाळी आपल्या वह्यांवर केव्हां येईल तें सांगतां येत नाहीं. येथें कांहीं चुकलें असेल तर जाणत्यांनीं दाखवावें, म्हणजे अभिप्राय दुरुस्त करण्याची आम्हांस आतां संवय झालेली आहे.