लिटल बॅले ट्रूप

नृत्यरचनाकार शांती बर्धन (१९१६–१९५४) यांनी १९५२ मध्ये मुंबईत उभारलेला नृत्यनाट्यसंच. अल्मोड्याच्या उदय शंकर केंद्रात घडलेले बर्धन आधी भारतीय जननाट्य संघाच्या (इप्टा) अंधेरीतील मध्यवर्ती पथकात होते. क्षयाने शरीर पोखरलेले असतानाही त्यांनी ‘रामायण’ बसवले. त्यात मुखवटे घातलेले नर्तक कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींनी कथा सांगतात. भारतीय बॅलेतली ही विलक्षण धाडसी कल्पना होय.

‘पंचतंत्र’ हे पुढचे नृत्यनाट्य रंगमंचावर येण्याआधीच बर्धन गेले.

पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी मात्र संच मोडू दिला नाही. संस्थेच्या दीर्घायुष्याचे खरे श्रेय गुलबेनच्या चिकाटीला आहे. १९६० च्या दशकात संच ग्वाल्हेरला, पुढे भोपाळला स्थिरावला. गुलबेनना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.