चर्चसाहाय्यित ग्रामीण आरोग्यकार्य : मराठवाडा व जामखेड

परदेशांतील ख्रिस्ती मंडळींनी वर्गणी व देणग्या गोळा करून दूरच्या ग्रामीण भागातील दवाखाने व रुग्णालये चालविण्यास केलेल्या साहाय्यास चर्चसाहाय्यित आरोग्यकार्य असे म्हणता येईल. महाराष्ट्रात या कार्यास एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास आहे. त्याचे प्रारंभीचे स्वरूप मिशनरी डॉक्टर आणि रुग्णालय यांभोवती केंद्रित झालेले होते. १९७० नंतर अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी उभारलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने या साहाय्याचा उपयोग वेगळ्या रीतीने केला. पैसा बाहेरून आला, तरी आरोग्याची सूत्रे गावाच्या हाती राहावीत, हा त्यामागील विचार होता. या विचाराचा प्रभाव पुढे जागतिक आरोग्यधोरणावरही पडला.

पार्श्वभूमी : अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईस आले व १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगर येथे केंद्र स्थापन केले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथे जालना ही लष्करी छावणी मिशनकार्याचे महत्त्वाचे ठिकाण ठरली. जालना हे १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात मोडत असे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मराठी धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी १८६०नंतरच्या दशकात जालन्यास कार्य सुरू केले आणि नजीकच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तिच्यासाठी त्यांनी परदेशांतील मंडळींपुढे भाषणे देऊन निधी मिळविला. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते उपस्थित होते. दात्यांपुढे आपल्या मुलखाची बाजू स्वतः मांडणारा एतद्देशीय कार्यकर्ता, हे या इतिहासातील एक जुने व लक्षणीय उदाहरण होय. पुढे जालना येथे स्कॉटिश मिशनचे रुग्णालयही उभे राहिले.

वैद्यकीय मिशनकार्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण मिरज येथील आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस (१८६५–१९३३) हे १८८९ मध्ये भारतात आले. त्यांनी १८९४ मध्ये मिरज येथे सुरू केलेले रुग्णालय शस्त्रक्रियांसाठी दूरवर प्रसिद्धीस आले. क्षयरोग व कुष्ठरोग यांवरील उपचारांच्या आणि वैद्यकीय शिक्षणाच्या सोयीही मिरजेच्या परिसरात हळूहळू निर्माण झाल्या.

साहाय्याची पद्धत : या संस्थांमागे धनिक दात्यांबरोबर सामान्य मंडळींतील असंख्य लहान वर्गणीदार होते. अमेरिका व ब्रिटनमधील चर्चच्या स्त्रीमंडळांचा त्यांत मोठा वाटा असे. या मंडळांतील सभासद स्त्रिया नियमित वर्गणी गोळा करीत, जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडून व गुंडाळून मलमपट्टीसाठी पाठवीत आणि एखाद्या खाटेचा वा परिचारिकेच्या शिक्षणाचा खर्च आपल्या नावे उचलीत. स्त्रीरुग्णांना पुरुष डॉक्टरपुढे येणे अवघड असल्याने स्त्री डॉक्टर पाठविण्याचा आग्रहही प्रामुख्याने याच मंडळांनी धरला. दाते आणि रुग्णालय यांच्यामधील दुवा म्हणजे मिशनरी डॉक्टरची पत्रे व वार्षिक अहवाल.

या पद्धतीमुळे शासकीय वैद्यकीय सोयी जवळजवळ नसलेल्या भागांत हजारो रुग्णांवर उपचार झाले व परिचारिकेच्या व्यवसायास प्रतिष्ठा मिळण्यास मदत झाली. मराठवाड्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद येथे १९५६ मध्ये मिळाले, हे लक्षात घेता अशा रुग्णालयांचे तत्कालीन महत्त्व स्पष्ट होते. तथापि या पद्धतीला तीन मर्यादा होत्या. एक, रुग्णालयाचा लाभ मुख्यतः तेथवर पोहोचू शकणाऱ्यांनाच होई. दोन, नव्या इमारतीसाठी वा यंत्रासाठी दाते जितक्या सहज मिळत, तितके गावोगावच्या प्रतिबंधक कामासाठी मिळत नसत. तीन, धोरणाचे निर्णय मिशनच्या मंडळांत होत आणि ज्यांच्यासाठी ते होत, त्या गावकऱ्यांना त्यांत स्थान नसे. काही ठिकाणी उपचारांना धर्मप्रचाराची जोड असल्यामुळे या कार्याकडे संशयानेही पाहिले गेले.

पुनर्विचार : दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती स्वतंत्र होत गेल्या, मिशनरी डॉक्टरांची संख्या घटली आणि रुग्णालयांचा खर्च वाढला. चर्चने वैद्यकीय क्षेत्रात राहावे काय व कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे तीव्र झाला. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे १९६४ व १९६७ मध्ये या प्रश्नावर विचारविनिमय झाला. १९६८ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या संघटनेने जिनीव्हा येथे ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केले. चर्चचे बहुतेक वैद्यकीय बळ रुग्णालयीन उपचारांवर खर्च होते आणि भोवतालच्या जनतेच्या आरोग्यमानावर त्याचा परिणाम अल्प होतो, असा कमिशनचा निष्कर्ष होता. संपूर्ण जनसमूहाचे आरोग्य हे उद्दिष्ट धरणाऱ्या प्रयोगांचा कमिशन यानंतर शोध घेऊ लागले. जामखेडचा प्रकल्प नेमका याच सुमारास आकारास आला.

आरोळे दांपत्य : रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) यांचा जन्म अहमदनगर जिल्ह्यातील राहुरी येथला, तर मेबल आरोळे (१९३५–१९९९) यांचा जबलपूरचा. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. हे महाविद्यालयही परदेशांतील चर्चच्या साहाय्यातून वाढलेले होते. १९६० मध्ये विवाहबद्ध झाल्यावर त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. तेथे त्यांना आढळले, की अतिसार, कुपोषण, धनुर्वात आणि प्रसूतीतील गुंतागुंत यांसारख्या टाळता येण्याजोग्या कारणांनी आजारी पडलेली माणसे बरी होऊन घरी जातात आणि त्याच परिस्थितीत राहून पुन्हा तोच आजार घेऊन येतात. रुग्णालय कितीही चांगले चालले, तरी हे चक्र थांबत नव्हते. पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९७० मध्ये परतले.

प्रकल्पाची उभारणी : जामखेड हा अहमदनगर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील, बीड जिल्ह्याला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आणि जातिभेदाची घट्ट चौकट ही त्याची वैशिष्ट्ये होती. १९७१ च्या सुमारास प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्युमान दरहजारी १७६ होते. स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणी करून व त्यांची संमती मिळवूनच आरोळे दांपत्याने येथे काम सुरू केले. पहिला दवाखाना गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरला. प्रारंभी सु. ३० गावे व ४०,००० लोकसंख्या हे कार्यक्षेत्र ठरविण्यात आले. ख्रिश्चन मेडिकल कमिशनच्या पाठबळाने पाश्चात्त्य देशांतील चर्चच्या साहाय्यसंस्थांकडून निधी मिळू लागला.

लगेचच आलेल्या १९७२ च्या दुष्काळाने कामाचा क्रम बदलला. लोकांची पहिली मागणी औषधाची नसून अन्न व पाणी यांची होती. आलेल्या मदतीतून मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालविण्यात आली व विंधण विहिरी खोदून हातपंप बसविण्यात आले. हातपंपांच्या जागा शक्यतो दलित वस्तीत वा तिच्या लगत निवडण्यात आल्या, त्यामुळे सवर्णांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले. पाणवठ्यावरील जुन्या निर्बंधाला हा थेट धक्का होता. स्वच्छ पाण्याने अतिसाराचे प्रमाण कमी होत असल्याने त्याचा आरोग्याशीही प्रत्यक्ष संबंध होता. तरुण शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्याद्वारे कामाची आखणी आणि श्रमदान होऊ लागले.

ग्राम आरोग्य कार्यकर्त्या : प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांना गावात ठेवण्याचा प्रारंभीचा प्रयत्न फसला. बाहेरून आलेल्या तरुण स्त्रीस खेड्यात एकटीने राहणे कठीण होते आणि गावकऱ्यांचाही तिच्यावर विश्वास बसत नसे. म्हणून गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी व प्रकल्पाने तिला शिकवावे, असे ठरले. निवडलेल्या स्त्रियांपैकी बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित जातींतील होत्या व काही परित्यक्ता वा विधवा होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत व आठवड्यातील अनुभव एकमेकींस सांगत. गर्भवतीची तपासणी, स्वच्छ प्रसूती, बालकांचे वजन, लसीकरण, कुटुंबनियोजन, जुलाबावर साखर-मिठाचे पाणी आणि कुष्ठरोग व क्षयरोग यांचे लवकर निदान, ही कामे त्या शिकल्या. गंभीर रुग्ण जामखेडच्या रुग्णालयात पाठविले जात. रुग्णालय नाहीसे झाले नाही, तर गावातील कामाचा आधार म्हणून त्याचे स्थान बदलले.

या योजनेचा सामाजिक परिणामही मोठा होता. जिला कालपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, तिला बाळंतिणीच्या खोलीत बोलाविणे गावास भाग पडले. प्रकल्पक्षेत्रातील बालमृत्युमान १९९० नंतरच्या दशकापर्यंत पूर्वीच्या एक-पंचमांशाहूनही खाली आले.

अर्थव्यवहार व धर्मनिरपेक्षता : परदेशी निधीचा उपयोग मुख्यतः उभारणी, पाणीपुरवठा, दुष्काळी मदत व प्रशिक्षण यांसाठी झाला. चालू वैद्यकीय खर्चाचा मोठा भाग रुग्णांकडून मिळणाऱ्या माफक शुल्कातून भागविण्याचे धोरण होते. जागा, श्रम व देखरेख गावाने पुरवावी, असा आग्रह असे. आरोळे दांपत्याची प्रेरणा ख्रिस्ती श्रद्धेची होती, परंतु धर्मांतर हे प्रकल्पाचे अंग नव्हते. कार्यकर्त्या व लाभार्थी सर्व धर्मांचे व जातींचे होते. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये झाला व २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अशा वातावरणात संस्थेची विश्वासार्हता तिच्या स्थानिक मुळांवरच अवलंबून राहणे स्वाभाविक होते.

जागतिक प्रभाव : जामखेडचा वृत्तांत कमिशनच्या ‘काँटॅक्ट’ या नियतकालिकाद्वारे अनेक देशांतील कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या केनेथ न्यूएल संपादित ग्रंथात आरोळे दांपत्याचा जामखेडवरील लेख समाविष्ट आहे. दरम्यान १९७४ पासून संघटनेचे महासंचालक हाफडन माहलर व कमिशन यांच्यात सहकार्य सुरू झाले होते. १९७८ मध्ये आल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे जे सूत्र स्वीकारले, त्यामागील अनुभवांत जामखेडची गणना होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. रजनीकांत आरोळे यांना १९९० मध्ये पद्मभूषण या सन्मानाने गौरविण्यात आले. १९९२ मध्ये जामखेड येथे प्रशिक्षण व संशोधन संस्था सुरू होऊन देशोदेशीचे विद्यार्थी तेथे येऊ लागले. ज्या तालुक्याने एके काळी दूरच्या चर्चकडून मदत घेतली, तोच आता परदेशी वैद्यकांना शिकवू लागला.

मूल्यमापन : भारत सरकारने १९७७ मध्ये ग्रामीण आरोग्य कार्यकर्ता योजना देशभर सुरू केली. तथापि निवडीत गावाच्या इच्छेपेक्षा स्थानिक सत्तेचा प्रभाव अधिक राहिला, निवडले गेलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते आणि प्रशिक्षणात सातत्य नव्हते. त्यामुळे तिला मर्यादित यश मिळाले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली, तेव्हा गावातीलच स्त्री निवडण्याचे तत्त्व मान्य झाले. जामखेडसारखे प्रयोग असामान्य नेतृत्वावर अवलंबून असतात व त्यांचा विस्तार शासकीय यंत्रणेस जमत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. मात्र अपयश आले, तेथे बहुधा बाह्य आराखडा उचलला गेला आणि गावाशी दीर्घकाळ जोडलेले शिक्षणाचे नाते मागे राहिले, हेही दिसून येते. मेबल आरोळे १९९९ मध्ये व रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तल्यावर पुढील पिढीने प्रकल्प चालू ठेवला.

परदेशी चर्चच्या साहाय्याचा विचार करता जालना, मिरज व जामखेड ही ठिकाणे एकाच परंपरेतील निरनिराळ्या अवस्था दर्शवितात. पूर्वीच्या काळातील दात्यांनी आपण पाठविलेल्या डॉक्टरवर विश्वास टाकला. जामखेडच्या दात्यांना, ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा निरक्षर स्त्रियांच्या कर्तृत्वावर विश्वास टाकावा लागला. साहाय्याची रक्कम किती यापेक्षा तिच्या विनियोगाचा अधिकार कोणाकडे आहे, या बाबीवर अशा कार्याचे टिकाऊपण ठरते, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.