खोलणं आणि बांधणं

दंड दुमडून बेटकुळी काढून दाखवायची हौस मराठी पोरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. ही बेटकुळी मूळची बेडकुळी, म्हणजे लहानशी बेडकी. कातडीखाली टुणकन वर येणारा स्नायूचा गोळा पाहून कुणाला तरी बेडकी आठवली आणि शब्द रुजला. लॅटिन बोलणाऱ्यांना त्याच गोळ्यात उंदराचं पिल्लू दिसलं. ‘मुस्कुलस’ म्हणजे छोटा उंदीर, आपल्या मूषकाच्याच कुळातला. त्यातून ‘मसल’ आला आणि १९६०च्या दशकात अमेरिकेत ‘मसल कार’ हे नाव रूढ झालं. मध्यम बांध्याच्या गाडीत थोरल्या गाडीचं आठ सिलिंडरांचं दांडगं इंजिन बसवायचं, ही त्यामागची कल्पना. १९६४ची पॉन्टिॲक जीटीओ ही या जातीतली पहिली, असं बहुतेकजण मानतात. असली एखादी गंजकी गाडी घरच्या शेडमध्ये आणून, वर्षानुवर्षं खपून पुन्हा रस्त्यावर आणणं हा तिकडचा मोठा नाद आहे.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर, बळाची गाडी म्हणजे जीप आणि ट्रॅक्टर. आणि बळाला इथला शब्द ‘ओढ’. ‘इंजिनला ओढ राहिली नाही’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. हा शब्द बैलाकडून आला. चढावर भरल्या गाडीला खांदा देणारा बैल ओढीचा. विशेष म्हणजे ट्रॅक्टर हे नावही लॅटिनमधल्या ‘ओढणे’ या अर्थाच्या धातूवरूनच पडलेलं आहे. यंत्र बाहेरून आलं खरं, पण त्याची पारख करायचा शब्द गोठ्यात तयार होता. जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्यांची बोली लक्ष देऊन ऐकली तर हेच पुन:पुन्हा जाणवतं. सुट्या भागांची नावं भागांबरोबर आली, त्यांच्यावर काम करण्याची क्रियापदं मात्र आपल्या शेतातली, घरातली आणि लोहाराच्या भात्यापाशी घडलेली आहेत. गॅरेजच्या मराठीचा जीव या क्रियापदांत आहे.

जीपचंच नाव घ्या. ‘जनरल पर्पज’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं ‘जीपी’, त्यावरून जीप, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. पण लष्कराची ती छोटी गाडी येण्याआधीच, १९३६मध्ये, ‘पॉपाय’च्या चित्रमालिकेत ‘युजीन द जीप’ नावाचा एक अजब प्राणी अवतरला होता. कुठेही जाऊ शकणारा, भिंतींना न जुमानणारा. सैनिकांच्या तोंडी ते नाव आधीच होतं, हे ध्यानात घेतलं की आद्याक्षरांची कथा अपुरी वाटते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलिज जीप भारतात आणली आणि पुढे ती इथेच बनू लागली. खेड्यातल्या माणसाने ते नाव जसंच्या तसं घेतलं आणि भोवती आपली क्रियापदं लावली. जीप काढली, जीप धरली, जीप अंगावर घातली.

आता जुनी जीप दारात आली की पहिलं काम ‘खोलणं’. दार आपण उघडतो, गाठ सोडतो, इंजिन मात्र खोलतो, हिंदीतल्या ‘खोलना’सारखं. मराठवाडा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती, आणि हिंदी-उर्दूशी असलेली ही सलगी कारागिरांच्या बोलीत पक्की बसली. पेच, कमान, पोलाद, दुरुस्त हे फारसी शब्द साऱ्या महाराष्ट्रात आहेत. इथे ते परके कधी वाटलेच नाहीत. जीपखालच्या पात्यांच्या स्प्रिंगला ‘कमानपाटे’ म्हणतात. फारसी कमान म्हणजे धनुष्य, आणि पाटा आपला घरचा. ओझं पडलं की वाकायचं आणि उतरलं की पुन्हा ताठ व्हायचं, हे धनुष्याचं वागणं त्या नावात नेमकं पकडलं आहे.

खोलताना गाठ पडते ती गंजाशी. हिंदीतला ‘जंग’ फारसीतून आला. त्याच्या शेजारी आपला ‘गंज’ ठेवला की दोन व्यंजनांनी जागा बदललेल्या दिसतात. मतलबचं ‘मतबल’, नुकसानचं ‘नुस्कान’ करणाऱ्या जिभेनेच जंगाचा गंज केला असावा, असा माझा तर्क आहे. कडब्याची गंज स्त्रीलिंगी, लोखंडाचा गंज पुल्लिंगी. लिंग बदललं की वैभवाचं चिन्ह नासाडीचं होतं. ज्वारी-गव्हावर पडतो तो तांबेरा. त्याला रंगावरून नाव मिळालं, आणि इंग्रजीत तर पिकाच्या त्या रोगाला आणि लोखंडाच्या गंजाला एकच शब्द आहे.

गंजाचं खरं रूप रंगाखाली दिसतं. चाकावरच्या मडगार्डला बारीक फुगे आलेले असतात. अंगठ्याने फुगा दाबला की रंगाची पापडी सुटते आणि खालून तपकिरी भुगा गळतो. लोखंडाचा गंज होताना त्याचं आकारमान वाढतं, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. शिवाय तो सच्छिद्र असतो, ओल आत शिरू देतो, त्यामुळे एकदा लागला की थांबत नाही. अशा पत्र्याला मिस्त्री ‘गंजला’ म्हणून थांबत नाही, ‘सडला’ म्हणतो. गंजलेला पत्रा घासून वाचतो, सडलेला कापूनच काढावा लागतो. दोन क्रियापदांच्या मधोमध निदान आहे आणि खर्चाचा अंदाजही. बाकी पत्रा म्हणजे मूळचं पान. झाडाचं पत्र, लिहायचं पत्र, जेवायची पत्रावळ, धातूचा पत्रा, सारे एकाच फांदीचे. तो ठोकून सरळ करायचा, रेड ऑक्साइड मारायचं, खड्ड्यांत लांबी भरायची. सडका पत्रा तसाच ठेवून वरून लांबी थापणारा आणि पत्रा कापून नवा तुकडा जोडणारा, यांच्या कामातला फरक पहिल्याच पावसाळ्यात कळतो.

हा मिस्त्री शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, लॅटिन ‘मॅजिस्टर’चा वंशज. शाळेतले मास्तर इंग्रजीच्या वाटेने आले तरी मूळ तेच. शिकवणारा आणि घडवणारा एकाच घराण्यातले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पाटोद्यासारख्या गावात गॅरेज हीच अनेक मुलांची शाळा असते. तिथला पहिला धडा बोल्ट आवळण्याचा. आवळायचा, पिळायचा नाही. आवळताना पान्याला येणारा जोर हाताला कळला पाहिजे. त्याच्या पुढे गेलं की आटे जातात, आणि आटे गेलेला बोल्ट दिसायला धड असूनही काहीच धरून ठेवत नाही. माणसाचे ‘आटे ढिले’ झाले, असं आपण म्हणतो ते इथूनच. गाडीची चावीही पोर्तुगीज ‘शावी’, पण ती आपण ‘मारतो’. नाम पोर्तुगीज, मारणं मराठी.

इंजिन उतरवलं की हाती येतो बिडाचा ब्लॉक. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपला बिडाचा तवा त्याचाच. जिल्ह्याच्या नावाशी याचं नातं जोडायचा मोह आवरावा. निजामाच्या काळातल्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव ‘भीर’ असं लिहीत, तेव्हा हे निव्वळ ध्वनिसाम्य. पोलादाच्या मानाने बिडात कार्बन बराच जास्त, साधारण दोन ते चार टक्के. त्यामुळे ते ओतायला सोपं पण ठिसूळ, आणि जाड ओततात म्हणून उष्णता धरून ठेवणारं. म्हणून तव्यासाठी उत्तम आणि धक्क्याला नाजूक. पत्रा ठोकता येतो, बीड ठोकलं तर तडकतं. फुटलेल्या बिडाला वेल्डिंग करायचं तर आधी ते सगळीकडून सारखं तापवावं लागतं आणि नंतर हळूहळू निववावं लागतं, नाहीतर जोडाशेजारी नवी चीर जाते. ‘निववणे’ हा ज्ञानेश्वरीच्या काळापासूनचा शब्द आजही भट्टीपाशी कामाचा आहे.

चाकांपाशी आलं की बाहेरच्या नामाचं आणि घरच्या क्रियापदाचं नातं सर्वांत स्पष्ट दिसतं. पाटोद्याहून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या बैलांच्या गाडीला ते ‘टायरगाडी’ म्हणतात, कारण आधीच्या गाडीला टायर नव्हता, ‘धाव’ होती. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहान करत, गोवऱ्यांच्या आगीत लाल तापवत, तापून फुगली की चिमट्यांनी चाकावर चढवत आणि लगेच पाणी ओतत. निवताना ती आवळली जाई आणि आरे-पुठ्ठे सारे घट्ट धरले जात. धाव गेली, रबर आलं, पण आजही टायर ‘चढवतात’च. नाम बदललं, क्रियापद जागचं हललं नाही. आणि ज्याला ॲक्सल म्हणतो तो तरी कुठे परका? संस्कृत अक्षाचा मराठीत ‘आस’ झाला, लॅटिनमध्ये ‘ॲक्सिस’, इंग्रजीत ‘ॲक्सल’. हे सगळे एका पूर्वजाची लेकरं. ‘चाक’ आणि ‘सायकल’, ‘जू’ आणि इंग्रजी ‘योक’ यांचंही तसंच. स्टेपनीचा जन्म मात्र अगदी अलीकडचा. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास जादा चाक विकणारं दुकान निघालं आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं.

सगळं खोलून, घासून झाल्यावर उरतं ‘बांधणं’. घर बांधतो, धरण बांधतो, मोट बांधतो, तसंच इंजिन आणि बॉडीही बांधतो. तुकड्यांना एकमेकांच्या आधाराने उभं करणं, हा बांधण्याचा अर्थ. मात्र जुनी गाडी बांधण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत गल्लत करू नये. एक जीर्णोद्धार. जीर्ण आणि जुना हे मूळचे एकच. प्राकृतातल्या ‘जुण्ण’वरून आपला जुना आला. पाटोद्याशेजारच्या जामखेड तालुक्यात चौंडीला अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला, आणि देशभरातल्या देवळांच्या जीर्णोद्धाराशी हा शब्द त्यांच्यामुळे कायमचा जोडला गेला. मूळ ओळख राखून उद्धार करायचा, हा त्यातला दंडक. २०२१च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तोच दिसतो. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो.

दुसरी तऱ्हा नव्या बांधणीची. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून एक छोटी जीप बांधली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च सुमारे साठ हजार रुपये. आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल हे ओळखून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२मध्ये ती लोहार कुटुंबाच्या घरी आली. अशा कामाला सरसकट ‘जुगाड’ म्हणतात, ते मला पटत नाही. जुगाडात वेळ निभावून नेण्याचा भाव आहे. लोहकार म्हणजेच लोहार. त्या नावाच्या माणसाने सांधा न्‌ सांधा जुळवून, चालेल अशी गाडी उभी केली, तिला ‘बांधणी’ हाच शब्द शोभतो.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, तेव्हा रस्त्यावर बैलगाडीचं राज्य होतं. त्यानंतर ट्रक, जीप, ट्रॅक्टर यांच्यावर हात चालवत तीन-चार पिढ्यांनी जी बोली घडवली, तिची नोंद आता तितक्याच आस्थेने व्हायला हवी. ‘बोल्ट’ हा शब्द लिहून काम भागणार नाही. आवळणे आणि पिळणे, गंजणे आणि सडणे, ठोकणे आणि तडकणे यांतला भेद वापरासकट, उदाहरणांसकट लिहिला पाहिजे, आणि तो मिस्त्रीच्या शेजारी बसूनच लिहावा लागेल. भागांची नावं कंपनीच्या यादीत कधीही मिळतील. काम कसं करायचं हे ज्या शब्दांत साठलं आहे, ते शब्द पाटोद्याच्या आणि देवराष्ट्र्याच्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि कोशावर पहिला हक्क त्यांचा आहे.