फॅनी प्राइस

जेन ऑस्टिन (१७७५–१८१७) यांच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) या कादंबरीची नायिका. पोर्टस्मथच्या ओढगस्तीच्या, गोंगाटाच्या घरातली ही मुलगी दहाव्या वर्षी नॉर्दम्प्टनशरमध्ये श्रीमंत मावशीकडे राहायला येते. मावशीचे यजमान सर टॉमस बर्ट्रम तिला आसरा देतात. आपण या घरच्या मुलींच्या बरोबरीच्या नाही, हे दुसरी मावशी मिसेस नॉरिस तिला उठताबसता ऐकवते.

फॅनी नाजूक प्रकृतीची, भिडस्त, चटकन डोळे भरून येणारी. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या एलिझाबेथ बेनेटच्या हजरजबाबीपणावर लुब्ध झालेल्या वाचकांना ती मिळमिळीत वाटते. खुद्द लेखिकेच्या आईलाही ती तशीच वाटली होती. घरच्यांचे व स्नेह्यांचे असे अभिप्राय ऑस्टिन यांनी स्वतः टिपून ठेवले. कादंबरीकार किंग्जली एमिस यांनी १९५७ मध्ये तिच्यावर सडकून टीका केली. समीक्षक लायनेल ट्रिलिंग यांनी मात्र ती आवडणे अवघड आहे हे मान्य करूनही कादंबरीची थोरवी मांडली.

फॅनीला भित्री म्हणणाऱ्याने तिसऱ्या खंडाचा आरंभ पुन्हा वाचावा. हेन्री क्रॉफर्ड हा श्रीमंत, गोडबोल्या तरुण तिला मागणी घालतो. तिच्या लाडक्या भावाला, विल्यमला, आरमारात बढती त्यानेच मिळवून दिलेली. म्हणजे उपकाराचे ओझेही डोक्यावर. ती नकार देते. सर टॉमस तिच्या खोलीत येतात, तेव्हा बाहेर बर्फ असूनही शेगडी विझलेली दिसते, कारण फॅनीसाठी तिथे विस्तव पेटवायचा नाही असे मिसेस नॉरिसचे फर्मान. ते तिला हट्टी, कृतघ्न म्हणतात. हेन्रीने मावसबहिणींशी केलेला खेळ तिने पाहिलेला असतो. पण तो सांगितला तर त्यांची अब्रू जाईल. मावसभाऊ एडमंडवरचे प्रेमही तिला सांगता येत नाही. कारण न देता, रडत रडत, ती नकारावर ठाम राहते. बागेत फिरून परतते तो खोलीत विस्तव पेटलेला! सर टॉमस यांनीच ती व्यवस्था केलेली. ही माया खरीच आहे, म्हणूनच तिच्यापुढे न वाकणे जास्त कठीण. पुढे तेच तिला पोर्टस्मथला धाडतात. गरिबीचे चटके बसले की सुखाची किंमत कळेल, हा हिशेब. पदरी पैसा नसलेल्या मुलीचा हा नकार हे इंग्रजी कादंबरीतले मोठे धैर्य आहे.

ती निर्दोष मात्र नाही. हेन्रीची बहीण मेरी हिच्याकडे एडमंड ओढला गेलेला; तिच्याविषयीच्या फॅनीच्या मतांत मत्सर मिसळलेला आहे. घरच्या नाटकात काम करायला ती आधी नकार देते, पण शेवटी आग्रहापुढे नमते. परदेशी गेलेले सर टॉमस अचानक परतल्यामुळेच तो प्रसंग टळतो. अखेरीस एडमंडशी तिचे लग्न होते, तिथे मराठी वाचक अडखळेल. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मावसभावंडांचे लग्न रीतीला धरून होते.

गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या अँटिग्वा बेटावर बर्ट्रम घराण्याची मालमत्ता आहे. समीक्षक एडवर्ड सईद यांनी १९९३ मध्ये या धाग्याकडे लक्ष वेधल्यापासून फॅनीचे मौनही नव्याने वाचले जाऊ लागले. पॅट्रिशिया रोझेमा यांच्या १९९९ च्या चित्रपटात ती धीट, लिहिणारी तरुणी झाली. त्यात तिचा अबोलपणा, म्हणजे तिचे सत्त्वच, हरवले. मूळ कादंबरीत गुलामांच्या व्यापाराविषयी सर टॉमसना विचारणारी फॅनीच आहे. तिला आणखी विचारायचे असते. पण सारे गप्प बसतात, आणि मावसबहिणींपुढे आपण मिरवतो आहोत असे दिसू नये म्हणून तीही थांबते.