संगीतक्रमपत्र, नभोवाणीचे
नभोवाणी केंद्रावरून दिवसभरात कोणत्या वेळी कोणते गीत वाजवावयाचे, हे आगाऊ ठरविणाऱ्या क्रमवार नोंदीस संगीतक्रमपत्र किंवा व्यवहारात ‘लॉग’ म्हणतात. हे क्रमपत्र एका संगणकाने तयार करून प्रक्षेपण करणाऱ्या दुसऱ्या संगणकाच्या स्वाधीन करण्याच्या पद्धतीचा विकास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

१९५० नंतरच्या दशकात टॉड स्टॉर्झ यांनी ओमाहा येथील केंद्रावर मोजकी लोकप्रिय गीते वारंवार वाजविण्याचा प्रघात पाडला. अशा केंद्रांवर प्रत्येक गीताचे कार्ड पेटीत रचून ठेवीत. निवेदक पुढील कार्ड काढी, गीत वाजवी व ते कार्ड पेटीत मागे लावी. नावडते गीत टाळणे त्याला सहज शक्य असे.

एकाच मालकाच्या एएम व एफएम केंद्रांवरील कार्यक्रमांच्या पुनरुक्तीवर १९६४ मध्ये केंद्रीय संदेशवहन आयोगाने मोठ्या शहरांत मर्यादा घातली. एफएमसाठी स्वतंत्र निवेदक नेमणे अनेकांना परवडत नसल्याने फितींवर चालणारी स्वयंचलित यंत्रणा लोकप्रिय झाली. गीताच्या अखेरीस २५ हर्ट्‌झचा मंद्र स्वर मुद्रित केलेला असे; तो ओळखून यंत्रणा पुढील फीत सुरू करी. जाहिरातींच्या फितींच्या डब्यांना ‘कार्ट’ म्हणत व त्यांना क्रमांक देत. डबे गेले, तरी ‘कार्ट क्रमांक’ ही संज्ञा टिकून राहिली.

अँड्र्यू इकॉनोमोस यांनी १९७९ मध्ये रेडिओ कॉम्प्युटिंग सर्व्हिसेस ही संस्था स्थापून ‘सिलेक्टर’ ही आज्ञावली प्रचारात आणली. एकाच गायकाची दोन गीते लागोपाठ येऊ नयेत, कालच्याच तासाला तेच गीत आज पडू नये, यांसारखे नियम ती पाळी. तिचे क्रमपत्र प्रारंभी बहुधा कागदावर छापून निवेदकाच्या हाती देत. त्यातील चूक तो जागच्या जागी सुधारी.

१९९० नंतरच्या दशकात गीते संगणकाच्या चकतीवर साठविली जाऊ लागली आणि हा मधला माणूस वगळला गेला. दोन आज्ञावल्या बहुधा भिन्न निर्मात्यांच्या असल्याने त्यांच्यातील दुवा म्हणून साधी अक्षरधारिका वापरीत. तिच्या प्रत्येक ओळीत वेळ, कार्ट क्रमांक, शीर्षक व कालावधी ठराविक स्तंभांत असत. एखादा स्तंभ एका अक्षराने सरकला, तर सबंध दिवसाचे क्रमांक चुकत. ‘०४१२’ व ‘४१२’ हे माणसाला एकच वाटले, तरी यंत्राला भिन्न ठरू शकत. जाहिरातींचे क्रमपत्र वेगळ्या आज्ञावलीतून येई. ते संगीतक्रमपत्रातील राखीव जागी बसले नाही, तर उत्पन्न बुडे. निर्मनुष्य केंद्रावर अशा चुकीची परिणती रात्रीच्या निःशब्दतेत होई. म्हणून उद्याचे क्रमपत्र आजच आत घेऊन न सापडलेल्या क्रमांकांची यादी तपासण्याची शिस्त आवश्यक ठरली.

१९९६ च्या दूरसंदेशवहन अधिनियमाने देशभरातील केंद्रांच्या मालकीवरील संख्येची मर्यादा उठविली. एकेका मालकाकडे अनेक केंद्रे आली आणि स्वयंचलनाबरोबर निवेदकांची संख्याही घटली. पुढे दोन्ही आज्ञावल्यांत थेट व दुहेरी संपर्क शक्य झाला; प्रत्यक्ष काय वाजले, हेही परत कळू लागले. तथापि क्रमपत्र अखेर एकदा माणसाच्या नजरेखालून जाण्याची गरज नाहीशी झालेली नाही.